मदतीची मैफल: तिकीट काढून जाता, की नुसते पैसे पाठवता?

मंदारमाला

गेल्या शनिवारी आम्ही अकरा जण पुण्याहून मुंबईला एका कार्यक्रमाला जाऊन आलो. जुन्या हिंदी गाण्यांचा वाद्यवृंद, तिकीट हजार रुपये, आणि जमलेला पैसा एका ज्येष्ठ वादकांच्या उपचारांसाठी. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिनच्या ताफ्यात बसून त्यांनी शेकडो गाणी वाजवली. आता वय ऐंशीच्या पुढे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ होऊन पुन्हा ॲडमिट. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

आमच्यातले नऊ जण पंचमचे, म्हणजे आर. डी. बर्मनचे, पक्के वेडे. सकाळच्या प्रगतीत बसल्या बसल्या आमचा नेहमीचा खेळ सुरू झाला. एकाने गाण्यातलं म्युझिक गुणगुणायचं, बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. समोरच्या बाकावरचे एक आजोबा कर्जतच्या आधीच खेळात सामील झाले आणि त्यांनी आम्हाला दोनदा हरवलं! उरलेल्या दोघी म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण आणि तिची नणंद. त्यांना गाणी आवडतात, पण कोण वाजवतंय याच्याशी देणंघेणं नाही.

ते वादक काका व्हीलचेअरवर, पहिल्या रांगेच्या कडेला होते. मी तिसऱ्या रांगेत, तिरकी, त्यामुळे ते मला नीट दिसत होते. मांडीवर काठी आडवी ठेवलेली. स्टेजवर व्हायोलिन सुरू झाली आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं काठीवर पडायला लागली. नुसता ठेका नाही. बोट दाबून ते हलवत होते, तारेवर सूर हलवतात तसं. अंतऱ्याआधीचा तुकडा आला, हात काठीवरून अंगाकडे सरकला आणि त्याच क्षणी स्टेजवरचा सूर वर चढला. पन्नास वर्षं झाली असतील ते वाजवून. मी पुढचं गाणं ऐकलंच नाही, त्या हाताकडे बघत बसले.

रात्री शिवनेरीने परतताना मैत्रिणीने विचारलं, "तिकीट, प्रवास, जेवण मिळून माझे अडीच हजार गेले. त्यातले काकांपर्यंत किती पोचले? सरळ दोन हजार त्यांच्या खात्यात टाकले असते तर?" ती कंजूष नाही, दरवर्षी दोन मुलींच्या शाळेची फी भरते. तिने मनापासून विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. तुम्ही काय करता?

चहाबाज

काठीचं वाचून अंगावर काटा आला. उत्तर सवडीने देतो, आधी सांगा, त्या आजोबांनी कशावर हरवलं?

मंदारमाला

@चहाबाज, दोन्ही वेळा दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या म्युझिकवर. "सुरुवातीचं काय, सगळ्यांनाच येतं," म्हणाले.

शंकेखोर

मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. हॉलचं भाडं, साऊंडवाला, बॅनर, पाहुण्यांच्या शाली, हे सगळं जाऊन जे उरतं ते गरजूला. म्हणजे आपण आपल्या करमणुकीवर खर्च करतो आणि त्याला मदत म्हणतो. गाणं ऐकायचं तर गाणं ऐकावं. मदत करायची तर मुकाट्याने करावी. दोन्ही एकत्र आलं की मदतीतलं काहीतरी कमी होतं असं मला वाटतं.

अनघा१२

@शंकेखोर, मुकाट्याने करणारे किती असतात हो? मी माझंच सांगते. कुणी खाते क्रमांक पाठवला की "पगार झाला की टाकू" म्हणते आणि दहातल्या सात वेळा राहून जातं. तिकीट काढलं की पैसे त्या क्षणी गेलेले असतात.

पडद्यामागे

गेली अकरा वर्षं आमच्या गावात दरवर्षी एक असा कार्यक्रम आम्ही करतो, त्यामुळे आतलं सांगू शकतो. शंकेखोरांनी मांडलेला खर्च खरा आहे, पण तो तिकिटातून करायचा नसतो. हा आमचा पहिला नियम. खर्च भागवायचा स्मरणिकेच्या जाहिरातींतून. सराफ, किराणा दुकान, डॉक्टर, बिल्डर, सगळ्यांकडे दोन महिने आधी पावती पुस्तक घेऊन फिरायचं. "पान नको, पाव पान द्या" म्हणणाऱ्यालाही नाही म्हणायचं नाही.

मागच्या वर्षीचा आमचा ताळेबंद देतो. तिकिटं ४,१२,०००. जाहिराती १,८५,०००. दाराजवळच्या पेटीत ३८,६००. खर्च १,७२,०००, त्यात हॉल, ध्वनी, प्रकाश, गाण्यांचे परवाने, छपाई आणि वादकांचा प्रवास-जेवण. गायक-वादकांनी मानधन घेतलं नाही. ४,६३,६०० रुपये हातात दिले. जाहिरातींनी खर्च निघून वर थोडे उरलेच. म्हणजे तिकिटाचा रुपया जसाच्या तसा पोचला.

पेटीबद्दल एक अनुभव. मध्यंतरात तिच्यात फारसं काही पडत नाही, लोक वड्याच्या रांगेत असतात. कार्यक्रम संपल्यावर पडतं. म्हणून शेवटचं गाणं सुरू झालं की आमची दोन माणसं पेटी घेऊन दोन्ही दारांशी उभी राहतात.

मंदारमालाताई, तुम्ही गेलात त्या कार्यक्रमाच्या आयोजकांना हिशेब विचारा. ज्यांचा चोख असतो ते आनंदाने दाखवतात.

जुना पार्लेकर

पडद्यामागे यांना साष्टांग नमस्कार. असे हिशेब देणारे आयोजक मोजके.

माझी तक्रार पैशांबद्दल नाही, भाषणांबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मदत-कार्यक्रमाला गेलो होतो, कुठला ते सांगत नाही. साडेचारचा कार्यक्रम. साडेपाचपर्यंत दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सात सत्कार, मग तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक. ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्या बाई पासष्टीच्या, डायलिसिसवर. त्यांना स्टेजवर उभं करून चेकचं एक टोक हातात दिलं आणि फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" करत राहिला. त्यांचा हात थरथरत होता. मी आणि माझा मित्र तिथूनच उठून गेलो. पैसे देऊन झाले होते, त्याचं काही नाही, पण ते बघवलं नाही.

@मंदारमाला, तुमच्या काकांना स्टेजवर नेलं का?

मंदारमाला

नाही. निवेदिकेने नावही घेतलं नाही. "आज आपल्यात एक व्हायोलिनवादक बसले आहेत, पुढची तीन गाणी त्यांनी मूळ ध्वनिमुद्रणात वाजवली आहेत" एवढंच म्हणाली. सगळं सभागृह उभं राहिलं, पण कुणाकडे बघून टाळ्या वाजवायच्या हे निम्म्यांना माहीत नव्हतं.

चहाबाज

अशी निवेदिका सगळ्यांना मिळो.

गोंयकार बाब

व्हायोलिनचं नाव काढलंत म्हणून लिहितो. त्या काळच्या हिंदी गाण्यांतल्या व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनमागे आमच्या गोव्याची माणसं किती होती! पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळेत गावचा संगीत शिक्षक पोरांना सूरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. ती पोरं मोठी होऊन मुंबईला गेली, आधी हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग स्टुडिओत. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे, आमची माणसं ती कागदावर उतरवून साठ वादकांत वाटून द्यायची. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं हे काम केलं.

अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७च्या सिनेमामुळे सगळ्या देशाला माहीत झालं. पण खरे अँथनी गोन्साल्विस माजोर्डा गावचे, आणि प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात अमर केलं. ते २०१२मध्ये गेले. आता सांगा, ते गाणं नाचून गाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा माणूस खरोखर होता?

पडद्यावर या वादकांची नावं येत नसत. तबकडीवरही नसत. म्हणून कुणी त्यांच्यासाठी तिकीट काढून गेलं हे वाचलं की मला फार बरं वाटतं. देव बरें करूं.

हिशेबनीस

सीए या नात्याने दोन मुद्दे सांगतो.

पहिला, ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत. कार्यक्रमाचं तिकीट म्हणजे देणगी नव्हे, कारण बदल्यात तुम्ही कार्यक्रम बघता. तेव्हा तिकिटावर सवलत मागू नका. वर वेगळी देणगी दिली आणि संस्थेकडे ८०जी असेल, तर मिळते, तीही जुन्या कररचनेत राहिलात तरच. रोख दिलीत तर २,००० रुपयांपर्यंतच. एखाद्या व्यक्तीला थेट दिलेल्या पैशांवर ८०जी नाहीच.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे आणि भल्याभल्यांना माहीत नसतो. नातेवाईक सोडून इतरांकडून एखाद्या व्यक्तीला वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट मिळाली, तर ती सगळी रक्कम त्या व्यक्तीचं उत्पन्न धरली जाते. वरची नव्हे, सगळी. म्हणजे आजारी माणसाच्या खात्यात चारशे चाहत्यांनी प्रेमाने हजार-हजार टाकले, तर पुढच्या वर्षी त्याच्या दारात नोटीस. म्हणून पैसा नोंदणीकृत धर्मादाय न्यासात जमा करावा आणि न्यासाने तो रुग्णाला द्यावा, किंवा बिल परस्पर रुग्णालयात भरावं. @मंदारमाला, मैत्रिणीला हे नक्की सांगा. "सरळ खात्यात टाकले असते तर" यात ही मेख आहे.

निशाचर

@हिशेबनीस, तुम्ही करांचं काढलंत आणि मला बांगलादेशसाठीची ती मैफल आठवली. या प्रकाराची मोठी सुरुवात तिथूनच झाली म्हणायला हरकत नाही.

१९७०च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळ, पुढच्या मार्चपासून लष्करी अत्याचार, लाखो निर्वासित सीमा ओलांडून आपल्याकडे. पंडित रविशंकरांची मुळं बंगालातली, त्यांना राहवेना. ते बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनशी बोलले आणि काही आठवड्यांत कार्यक्रम उभा राहिला. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एकाच दिवशी दोन खेळ, मिळून सुमारे ४०,००० श्रोते. सुरुवात सतार-सरोदाने. रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाली आणि लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या! रविशंकर हसून म्हणाले की जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे.

तिकिटांचे जवळपास २,४३,००० डॉलर युनिसेफकडे गेले. पण खरा मोठा पैसा पुढे तबकड्या आणि चित्रपटातून येणार होता, आणि तिथे घात झाला. कार्यक्रम आधीपासून एखाद्या धर्मादाय संस्थेच्या नावे नोंदवला नव्हता, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने तो पैसा कित्येक वर्षं अडकवून ठेवला. ज्या बाळांसाठी गायले ती तोवर शाळेत जायला लागली असतील.

शंकेखोरांना एवढंच विचारतो. त्या दिवशीचा पैसा उशिरा पोचला हे खरं. पण अमेरिकेतल्या पोरांना "बांगलादेश" हा शब्द कुणी शिकवला? देश धड जन्मलाही नव्हता.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडचं एक सांगतो. वरोऱ्याचं आनंदवन सगळ्यांना माहीतच आहे, बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ला सुरू केलं. तिथल्या लोकांचा वाद्यवृंद आहे, 'स्वरानंदवन', डॉ. विकास आमट्यांनी उभा केलेला. कुणी डोळ्यांनी अधू, कुणी पायांनी, कुणी कुष्ठरोगातून बरं झालेलं. नागपूरला त्यांचा कार्यक्रम पाहायला आम्ही कॉलेजचे सहा मित्र गेलो होतो. जाताना गाडीत सगळे गंभीर, जणू दुखवट्यालाच चाललो. तिथं पाहतो तर काय, पहिल्या दहा मिनिटांत हॉल नाचून राहिला! एक मुलगा कुबड्या टेकत आला, त्या बाजूला ठेवल्या आणि हातांवर नाचला. माझ्या बाजूला बसलेला मित्र, एरवी लग्नातही न उठणारा, खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होता.

दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, ही बाबांची भूमिका. त्या वाद्यवृंदाकडे पाहून ती मला समजली. ते हात पसरून येत नाहीत, कार्यक्रम देतात आणि तिकीट घेतात. आपण देणारे आणि ते घेणारे असं काही उरतच नाही. म्हणून मी तिकीटवाल्यांच्या बाजूने.

टोरांटोची आत्या

ठेचादादा, वाचताना डोळे भरून आले.

माझी आठवण १९८५ची. लतादीदी टोरांटोला आल्या होत्या, मेपल लीफ गार्डन्समध्ये कार्यक्रम. एरवी तिथे बर्फावरची हॉकी चालायची. उत्पन्न 'युनायटेड वे' या इथल्या मदतसंस्थेला, म्हणजे आपल्या देशातल्या नव्हे, इथल्या गरजूंसाठी. आम्ही तेव्हा किचनरला राहायचो, चार वर्षं झाली होती येऊन. आठ मराठी कुटुंबं, गाड्या चार, म्हणून एकेका गाडीत सात-सात जण कोंबून गेलो. मुलं मांडीवर. मी पहाटे उठून पुऱ्या तळल्या होत्या, बटाट्याची भाजी, आणि थर्मासमध्ये चहा.

आत गेलो तर हजारो आपली माणसं. साड्या, गजरे... इथे गजरे कुठून आणले कोण जाणे! त्या रात्री दीदींनी एक इंग्रजी गाणं गायलं, ॲन मरे या इथल्या गायिकेचं. पांढऱ्या साडीत, समोर वही धरून, अगदी सांभाळून. माझ्या पुढच्या रांगेत यजमान संस्थेच्या गोऱ्या बायका होत्या, त्यांतली एक रुमालाने डोळे टिपत होती. तोवर दुकानात माझे उच्चार ऐकून लोक "काय म्हणालात?" विचारायचे. त्या रात्रीनंतर शेजारीण स्वतःहून आली आणि म्हणाली, तुमची ती गायिका!

तेव्हा आपण इथले पाहुणे नाही, इथल्या गरिबांसाठी चार पैसे टाकणारे शेजारी आहोत असं मला पहिल्यांदा वाटलं. घरबसल्या चेक पाठवून हे झालं नसतं. मंदारमाला, तुझ्या मैत्रिणीला माझा आशीर्वाद सांग, तिचा प्रश्न चांगला आहे.

जुना पार्लेकर

आत्या, लिहीत राहा! दीदींचा विषय निघाला म्हणून: १९८३चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. राजसिंह डुंगरपूरांनी दीदींना गळ घातली, दिल्लीत कार्यक्रम झाला, दीदींनी बिदागी घेतली नाही आणि चौदा खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रुपये मिळाले. त्याआधी १९७४ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रमही नेहरू स्मारकाच्या निधीसाठीच होता.

ढोलकीवाला

मी साजिंदा आहे. वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवतो, असे पंधरा-वीस मदत-कार्यक्रम केले असतील. इथे सगळे श्रोत्यांच्या बाजूने बोलताहेत, म्हणून आमची बाजू लिहितो.

जुन्या वादकांना रेकॉर्डिंगचे ठरलेले पैसे मिळायचे, वाजवलं की मिळाले, विषय संपला. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी पुढे काही नाही. २०१२च्या कायद्याने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का मिळाला, ते चांगलंच झालं, पण तिसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवलेल्या माणसापर्यंत त्यातलं काही येत नाही. नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझर सगळीकडे आले, साठ वादकांचं काम एक माणूस करू लागला आणि ही मंडळी एकदम घरी बसली. पेन्शन नाही, फंड नाही.

माझे गुरुजी असेच. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आम्ही शिष्यांनी पैसे जमवले, पाकीट घेऊन गेलो. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. चहा पाजला आणि पाकीट माझ्याच खिशात घालून पाठवलं. दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. तालमीला बोलावलं, "तुमच्याशिवाय ठेका बसत नाही" म्हटलं, आणि ते खरंच होतं. पाच तालमींना आले. एकाला ओरडले, एकाच्या हातावर चापट मारली. कार्यक्रमानंतर तेच पैसे, तेच पाकीट. त्यांनी मोजून घेतले आणि म्हणाले, "तालमीचे धरलेत ना?"

@शंकेखोर, तुम्ही म्हणता मदतीतलं काहीतरी कमी होतं. कमी होतं ते हेच. त्यांना नको असलेलं.

अनघा१२

निःशब्द. _/\_

चहाबाज

"तालमीचे धरलेत ना?" हे वाक्य आज दिवसभर माझ्याबरोबर राहणार आहे. वाचनखूण साठवली.

शंकेखोर

ढोलकीवाले, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. या माणसांपुरतं तुमचं म्हणणं मला पटलं. पाकीट परत येणार आणि मैफल स्वीकारली जाणार हे मला कधी सुचलं नव्हतं.

पण माझ्या मनात वेगळंच होतं, ते आता लिहितो. आमच्या चाळीत एक काका होते, गिरणीत लूमवर काम केलेले. १९८२च्या संपानंतर काम गेलं ते गेलंच. पुढे वॉचमनची नोकरी, फुप्फुसाचा आजार. शेवटची दोन वर्षं मी आणि आणखी तिघांनी औषधांचे पैसे दिले, दर महिन्याला. त्यांच्यासाठी कोण कार्यक्रम करणार होतं? त्यांनी विणलेलं कापड कुणाला आठवतं? मैफलीने जमवलेला पैसा ज्यांच्यावर आपलं आधीच प्रेम असतं त्यांच्याकडे जातो. बाकीच्यांसाठी मुकाट्याने पाकिटंच लागतात. तुम्ही सगळे तिकीट काढा, जरूर काढा, पण दर महिन्याची ती पाकिटं थांबवू नका, एवढंच माझं म्हणणं.

ढोलकीवाला

@शंकेखोर, शंभर टक्के. लूमचा तालही मी ऐकलेला आहे, माझे वडील त्याच गिरणगावातले. कधी भेटू या.

पडद्यामागे

शंकेखोरांचं म्हणणं मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तीनातला एक कार्यक्रम अनोळखी माणसासाठी करायचा, बघू सभासद काय म्हणतात. तिकीट विकायला अवघड जाईल, ते आमचं आम्ही बघू.

निशाचर

अवांतर: फुकट पासवाल्यांबद्दल कुणीच बोललं नाही. मदतीच्या कार्यक्रमालाही "दोन पास होतील का" विचारणारे भेटतात. माझ्या एका नातेवाइकांना मी दोन तिकिटांच्या पावत्याच पाठवल्या. आले, बसले, आणि मध्यंतरात स्वतःहून पैसे दिले. पेटीतही टाकले.

अनघा१२

मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते, त्यामुळे एक कळकळीची गोष्ट. कार्यक्रमाची जुळवाजुळव करायला दोन-तीन महिने लागतात आणि बिल थांबत नाही. म्हणून आधी हे बघा: महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का तेही विचारा. आणि वृद्ध कलावंतांना सरकारचं दरमहा मानधन असतं, त्याचा अर्ज केलाय का हे कितीतरी घरांत कुणी विचारलेलंच नसतं. यातून निम्मं बिल उतरलं तर मैफलीचा पैसा पुढच्या फिजिओथेरपीला, घरी ठेवायच्या माणसाला उपयोगी पडतो. खुब्याच्या ऑपरेशननंतरचे सहा महिनेच जास्त खर्चाचे असतात, आणि तोवर सगळे चाहते आपापल्या घरी गेलेले असतात.

मंदारमाला

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी काही लिहिलं नाही कारण फोनाफोनी करत होते.

आयोजकांना हिशेब विचारला. त्यांनी लगेच पाठवला. खर्च दोन प्रायोजकांनी उचलला होता, तिकिटाचे पैसे सगळेच्या सगळे न्यासाच्या खात्यात गेले आणि तिथून परस्पर रुग्णालयात. मैत्रिणीला कागद दाखवला. ती हिशेबनिसांचा मुद्दा वाचून चकित झाली. मग म्हणाली, "ठीक आहे, पण शंकेखोरांचंही बरोबर आहे." आता आम्ही दोघी दर महिन्याला अनघाताईंच्या सांगण्याप्रमाणे काकांच्या घरी ठेवलेल्या मदतनिसाचे चार दिवसांचे पैसे देणार आहोत, न्यासामार्फतच. मानधनाचा अर्ज खरंच कुणी केला नव्हता. त्यांच्या सूनबाई या आठवड्यात करताहेत.

सूनबाईंशी बोलत होते तेव्हा काकांनी मागून फोन मागितला. मला वाटलं आभार मानतील आणि मला अवघडल्यासारखं होईल. त्यांनी विचारलं, "सेकंड व्हायोलिनला डावीकडून दुसरा कोण होता? पोराचा हात चांगला आहे. तिसऱ्या गाण्यात बो उलटा घेत होता. घरी पाठवा, दाखवतो."

तो पोरगा येत्या रविवारी जातोय. आमच्यातले चौघं त्याला घेऊन जाणार आहोत. ढोलकीवाले, तुम्ही येता का?

ढोलकीवाला

येतो. किती वाजता?

टोरांटोची आत्या

पुढचा कार्यक्रम ठरला की माझी दोन तिकिटं धर गं. मला यायला जमायचं नाही, पण खुर्च्या रिकाम्या ठेवू नकोस. प्रगतीतले ते आजोबा सापडले तर एक त्यांना दे.